माझी गरीब कातडी आणि सोन्याचं घड्याळ

मूर्खपणे म्हणाल तर मी आयुष्यात पुष्कळ केले, पण त्यातला पहिला नंबर कशाला द्यायचा ते आमच्या घरात कधीच ठरून गेलंय. जे घड्याळ मी स्वतः घातलं, ज्यानं आठ दिवसांत माझ्या मनगटाची वाट लावली, पुरळ उठलं, पाणी सुटलं, कातडी सोलली, तेच घड्याळ मी पुसून चकाचक केलं आणि माझ्या नणंदेच्या साखरपुड्यात नवऱ्यामुलाच्या हातात घातलं. वैर होतं का? छे हो. प्रेमानं घातलं, तुम्ही लिहा, प्रेमानं घातलं असंच लिहा. आणि का घातलं, तर ते घड्याळ माझं मनगट खात होतं यावरूनच माझी खात्री पटली होती की ते खऱ्या सोन्याचं आहे. हसताय ना? हसा. मीही हसते. तेव्हाची ती सुलू आज मला भेटली ना, तर तिचा कान धरून विचारीन, बाई गं, तुझ्या डोक्यात मेंदू होता की सुकं खोबरं?

पण असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला कळायचं नाही, पहिल्यापासून सांगते.

मी मूळची देवगडकडची. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन घाटकोपरला आले, भटवाडीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर आमची खोली. पाणी भरायला खाली उतरायचं आणि हंडा घेऊन वर चढायचं, त्यामुळे माझे गुडघे आज बोलतात ते तेव्हाचंच सगळं बोलतात. घरात सासूबाई, आमचे हे, आणि नणंद वत्सला, आमची वच्छी. सासरे नव्हते. हे लालबागला गिरणीत. वच्छी तेव्हा दहा वर्षांची, दोन शेपट्या, गुडघ्याला कायम खरचटलेलं. मी आले त्या दिवसापासून ती माझ्या कुशीत झोपायला लागली, तिची वेणी मी घालायची, तिच्या उवा मी काढायच्या, शाळेत मास्तरांनी बोलावलं की मी जायची. म्हणजे नणंद म्हणायची तेवढी, बाकी माझं पहिलं लेकरूच ते.

सासूबाई कडक. मुंबईत चाळीस वर्षं काढली पण बोलणं गावचंच ठेवलं. आणि त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला एक कारण असायचं. दूध नासलं तर कारण, पाल चुकचुकली तर कारण. माझ्या लग्नाच्या पहिल्या वर्षी गणपती विसर्जनाला आमची सगळी आळी पवईच्या तलावावर गेली, आणि काय सांगू तुम्हाला, मी नाचले. आमच्या घरातल्या सुना नाचत नसत, मी नाचले, वच्छीचे हात धरून नाचले, आणि आईनं लग्नात घातलेल्या कुड्यांमधली एक कुडी गेली तलावात. घरी आल्यावर सासूबाईंनी माझा रिकामा कान बघितला, काही ओरडल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, हिका सोना लाभूचा नाय. झालं. दुसरी कुडी त्यांनी काढून घेतली आणि त्यांच्या पत्र्याच्या पेटीत ठेवली, आणि तेव्हापासून आमच्या घरात तो कायदाच झाला. कुणी विचारलं, सुनेच्या कानात काही कसं नाही? तर, तिका लाभत नाय. आणि मी इतकी शहाणी की मलाही ते पटलं. नाचताना कुडीच्या फिरकीचं मळसूत्र ढिलं होतं हे मला ठाऊक होतं, आईनं सांगितलंही होतं की सोनाराकडून घट्ट करून घे, पण नाही, मला सोनं लाभत नाही हे ऐकायला जास्त भारी वाटायचं. जणू माझी आणि सोन्याची काहीतरी जुनी भानगड होती.

मग गिरण्यांचा संप आला. तो तुम्हाला माहीत आहे, त्यावर मी नाही बोलत, ज्यांची घरं त्यात गेली त्यांनी बोलावं. आमचे हे घरी बसले, दाढी वाढवून भिंतीकडे बघत राहायचे, आणि मी घराबाहेर पडले. असल्फ्याच्या बाजूला पत्र्याचे गाळे होते, ओळीनं. एकात बटणं, एकात प्लास्टिकच्या बाहुल्या, एकात कुलपं. आमच्या गाळ्यात घड्याळाच्या डब्या. डबी म्हणजे घड्याळाचं वरचं अंग हो, ज्यात मशीन बसतं ते. आत मशीन कसलं बसवायचे, डायलवर कुठलं परदेशी नाव छापायचे, ते दुसरीकडे व्हायचं, आमच्याकडे फक्त डब्या आणि पट्टे चमकवायचे. ही घड्याळं मग फॉरेनची म्हणून विकली जायची. आम्हाला ठाऊक होतं. आम्ही त्याला डुप्लिकेट म्हणायचो आणि शेठ त्याला माल म्हणायचा.

काम कसं असायचं सांगते. डबी पितळेची. ती तारेला अडकवायची, आधी साबणाच्या उकळत्या पाण्यात, मग आंबट पाण्यात, मग निकलच्या टाकीत. निकलचं पाणी इतकं सुंदर हिरवं असायचं, अगदी नव्या नवरीच्या चुड्यासारखं, मला बघत बसावंसं वाटायचं. त्यातून डबी निघाली की चांदीसारखी पांढरी. मग एका लहान बादलीत सोनेरी पाणी, त्यात नुसती बुचकळी, एक दोन तीन म्हणेपर्यंत बाहेर. सोन्याला नुसतं लांबून दाखवून आणल्यासारखं. आणि मग ती ओली डबी लाकडाच्या भुशात लोळवायची, म्हणजे सुकते आणि डाग राहत नाही. ते भुशाचं काम आम्हा बायकांचं. मोठ्या परातीत कोमट भुसा आणि त्यात आमचे हात, पुरणपोळीचं पीठ चाळल्यासारखे.

आणि तुम्हाला खरं सांगू, मजा यायची. आम्ही सहा जणी. रेडिओ चालू. कुणाच्या घरी काय शिजलं, कुणाचा नवरा घोरतो, कुणाच्या सासूला कसं गंडवलं. दुपारी डबे उघडले की गाळ्यात घाम, आम्ल आणि सुक्या बांगड्याचा एकच वास व्हायचा. आज मी एवढ्या स्वच्छ घरात राहते, पण तो वास मला अजून हवासा वाटतो. माझ्या हाताला काम आहे, मी घर चालवते, माझं कुणावाचून अडत नाही, हे मला पहिल्यांदा त्या घाणेरड्या गाळ्यात वाटलं.

खाज मात्र यायची. बोटांच्या बेचक्यांत. आधी बारीक पुटकुळ्या, मग चिरा पडायच्या, तिखट कालवलं की ब्रह्मांड आठवायचं. शेठ म्हणायचा, पहिला महिना होतं, मग कातडीला सवय पडते. आम्ही खोबरेल चोळायचो आणि कामाला लागायचो. तिघींना सवय पडलीही म्हणा. मला पडली नाही. बाजूच्या गाळ्यात एक लक्ष्मी होती, ती घड्याळाच्या काट्यांना तो अंधारात चमकणारा हिरवट रंग लावायची, आम्ही त्याला रेडियम म्हणायचो. ब्रशाचं टोक बारीक राहावं म्हणून ती ते ओठांत धरून ओढायची, दिवसभर. आम्ही तिला चिडवायचो, लक्ष्मी, तुझा नवरा अंधारातही तुझं तोंड शोधत असेल ना गं. ती हसायची. त्या रंगात काय होतं कुणाला ठाऊक. तेव्हा कुणी विचारलं नाही, आणि मी तर नुसते विनोद केले. पुढे ती गावी गेली, मला तिचं काही कळलं नाही. अधूनमधून आठवते.

असो. तर दिवाळी आली. शेठनं सगळ्यांना मिठाईचे पुडे दिले आणि मला बाजूला बोलावून लाल कागदात गुंडाळलेलं एक घड्याळ दिलं. चांगलं मोठं, पुरुषी, सोनेरी पट्ट्याचं. म्हणाला, ये अपना वाला माल नहीं है, इस पे असली सोना है, किसी को बोलना नहीं. आता बघा. मी त्याच गाळ्यात हजारो डब्या हिरव्या पाण्यातून काढलेल्या. सोनेरी बादलीत किती बुचकळतात ते मी रोज बघत होते. तरी मला पटलं! मिठाईवाल्यानं स्वतःच्या दुकानातला कालचा पेढा प्रसाद म्हणून डोळे मिटून खावा, तसं. लाल कागदाचा प्रताप.

मी ते घालून मिरवले, काय मिरवले. पदर उजव्या खांद्यावर घेते की काय अशी वेळ आली, कारण डावा हात दिसायला हवा. नळावर वेळ कुणी विचारत नव्हतं, मीच सांगायची. हंडा कमरेवर, आणि मी म्हणतेय, अगं बाई, सात वीस झाले. मनगट बारीक, घड्याळ मोठं, ते कोपरापर्यंत चढायचं, मी परत खाली ओढायची.

चौथ्या दिवशी खाज. सहाव्या दिवशी पुरळ. आठव्या दिवशी घड्याळाच्या पाठीएवढा गोल चट्टा, लाल, ओला. आणि माझ्या डोक्यात काय प्रकाश पडला असेल सांगा. सासूबाई म्हणतात तेच खरं! मला सोनं लाभत नाही. नुसतं पितळ असतं तर माझ्यासारखीला काही झालं नसतं, पितळेचे हंडे आयुष्यभर घासले, कधी पुरळ आलं? म्हणजे हे सोनंच. माझी कातडी गरीब, तिला श्रीमंती सोसत नाही. आणि मी रडत नव्हते हो, मी खूश होते! मनगट सडलं, पण माल अस्सल निघाला.

घड्याळ काढून पेटीत ठेवलं. आणि त्याच सुमारास वच्छीचं जमलं.

मुलगा दत्ताराम. आपल्याच बाजूचा, मालवणचा, आरे कॉलनीत राहायचा. तिथे दूध तपासायच्या टेबलावर मदतनीस होता, अजून कायम नव्हता, पण होणार होता. आई तबेल्यात म्हशींचं चारापाणी बघायची, वडील लहानपणीच गेलेले. मुलगा सरळ, इतका सरळ की बघायला आला तेव्हा पोह्यातली मिरची बाजूला काढायचीही लाजला आणि चावून खाल्ली, डोळ्यांतून पाणी. वच्छी दाराआडून बघत होती. रात्री मला म्हणाली, वैनी, ह्याच्याशी कर माझं. मी म्हटलं, का गं? तर म्हणते, जो मिरचीला नाही म्हणत नाही तो मला काय म्हणणार?

त्यांनी काही मागितलं नाही. पण साखरपुड्यात नवऱ्यामुलाला घड्याळ द्यायचं, ही तेव्हाची रीतच होती. अंगठी नाही दिली तरी चालेल, घड्याळ हवं. सासूबाईंनी दोन दिवस डब्यातले पैसे पुन्हा पुन्हा मोजले. आणि मग मी, दानशूर कर्णाची धाकटी बहीण, पेटीतून ते घड्याळ काढलं आणि म्हटलं, आई, हे द्या. खरं सोनं आहे. मला तसंही लाभत नाही. तुम्हाला सांगते, लग्नाला दहा वर्षं झाली होती, सासूबाईंनी तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्या हातासाठी मी घड्याळ काय, त्या वेळी डोंगर दिला असता.

बरं, दिलं ते दिलं, तसंच द्यायचं ना? नाही. त्यावर माझ्या चट्ट्याचं काही राहिलं असेल म्हणून मी ते दंतमंजनानं घासलं. खसाखसा. जे काही सोनेरी पाणी होतं नव्हतं, पाठीमागचं तर सगळंच, माझ्या हातानं घासून मोरीत सोडलं. खाली पांढरं दिसायला लागलं तर मला वाटलं, वा, काय चमक आली!

साखरपुडा झकास झाला. दत्तारामनं घड्याळ घातलं, कानाशी धरून टिकटिक ऐकली, आणि लहान मुलासारखा हसला. त्याची आई, आमच्या विहीणबाई, हात जोडून म्हणाल्या, आमच्या झिलाच्या हातात एवढी मोठी वस्तू.

महिना गेला असेल. एका रविवारी ज्यांनी स्थळ आणलं होतं ते मामा आले, चहा नको म्हणाले, आणि चहा नको म्हणणारा माणूस काय बातमी घेऊन येतो ते तुम्हाला कळतंच. म्हणाले, मुलाचा हात सडलाय. खरूज आहे की आणखी काय, कुणी काय बोलतं, कुणी काय. दुधाचं काम, असा हात चालत नाही, साहेबांनी घरी बसवलंय, डॉक्टरची चिठ्ठी आण म्हणालेत. कायम व्हायची वेळ आणि हे असं. आणि तिथल्या बायका त्याच्या आईचे कान भरतायत, की साखरपुडा झाला आणि हात गेला, लग्न झालं तर काय जाईल? मुलीचा पायगुण बघा. त्याची आई अजून काही बोलली नाही, पण पंधरा दिवस बघतील आणि वस्तू परत करतील असं दिसतंय.

वस्तू परत करणं म्हणजे काय, तुम्हाला कळलं ना? लग्न मोडणं. आणि नुसतं मोडणं नाही. पायगुणावरून मोडलेली मुलगी म्हणजे भटवाडीपासून मालवणपर्यंत तिच्या नावावर शिक्का. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या. आमचे हे बाहेर गेले आणि दगडावर जाऊन बसले. वच्छी भाकऱ्या भाजत होती ती भाजतच राहिली, तेवढ्या भाकऱ्या खाणारं घरात कुणी नव्हतं तरी. मी जवळ गेले तर तव्याकडे बघत म्हणाली, वैनी, त्याचा हात खूप दुखत असेल का गं? माझ्या पायगुणाबद्दल नाही, मोडण्याबद्दल नाही. हात.

आता तरी सुलूबाईंची ट्यूब पेटावी की नाही? पेटली, पण उलटी. मी मनात म्हटलं, अरे देवा, ह्यालाही सोनं लाभत नाही!

खरं शहाणपण मला शिकवलं उताराच्या पायथ्याशी बसणाऱ्या डॉक्टरांनी. माझी बोटं तेव्हा इतकी चिरली होती की पीठ मळता येईना, म्हणून गेले. ते म्हातारे गृहस्थ, चष्मा कपाळावर. बोटं बघितली, मग मनगटावरचा गोल काळा डाग बघितला, आणि म्हणाले, घड्याळ घालायचीस का? आणि काम काय करतेस? मी सांगितलं, हिरवं पाणी, भुसा, सगळं. म्हणाले, हे निकल आहे. काहींच्या अंगाला ते चालत नाही. एकदा अंगानं त्याच्याशी वैर धरलं की ते जन्मभर विसरत नाही, घामात ते सुटतं आणि कातडीत जातं. हात धुवून, मलम लावून थोडं बरं होईल, पण काम सोडलं नाहीस तर पुन्हा पुन्हा येईल. मी म्हटलं, डॉक्टर, पण घड्याळ तर सोन्याचं होतं. ते म्हणाले, बाई, चोख सोनं सहसा कुणाला चावत नाही. त्याच्या नावाखाली लपलेलं चावतं.

मी खुर्चीत बसल्या बसल्या गार पडले हो. आधी तो लाल कागद डोळ्यांसमोर आला, मग दंतमंजन, मग सासूबाईंचा डोक्यावरचा हात. विचारलं, हे एकाचं दुसऱ्याला लागतं का? नाही म्हणाले. दुधाला काही होतं? म्हणाले, हा आजार पसरत नाही, पण त्या मुलाला आधी बघायला तर हवं, त्याच्याकडच्या डॉक्टरांना दाखवा, आणि माझं म्हणणं लिहून देतो ते सोबत ठेवा. मी ती चिठ्ठी घेतली.

आता सांगायचं कुणाला? घरात सांगितलं तर सासूबाईंनी साखरपुड्यात डुप्लिकेट घड्याळ दिलं, असं होणार, त्यांनी जीव दिला असता. नाही सांगितलं तर वच्छी गेली. मी दुसऱ्या दिवशी गाळ्यात जाते म्हणून निघाले, खरंच गाळ्यात गेले, भुशातून एक नुसत्या निकलची डबी उचलली, चोरली म्हणा, रुमालात बांधली आणि बस पकडली. मरोळला बस बदलली. आरेच्या रस्त्याला बस लागली की दोन्ही बाजूंनी झाडी, उन्हाची जाळी अंगावर पडते, शेणाचा आणि ओल्या गवताचा वास. एरवी मी त्या वासाला गावचा वास म्हणून खिडकीत नाक काढून बसायची. त्या दिवशी वाटलं, बस दिवसभर चालत राहावी, थांबूच नये.

विहीणबाई तबेल्यामागे गवताच्या पेंढ्या सोडवत होत्या. मला बघून त्यांनी गोणपाट झटकून बसायला दिलं. दत्ताराम ओट्यावर बसलेला, डाव्या हाताला कडुलिंबाचा पाला आणि वर फडकं. आणि उजव्या हातात घड्याळ! डावा हात सडला तर त्यानं ते उजव्यात चढवलं होतं, आणि तिथेही लालेलाल व्हायला लागलं होतं. मी ओरडलेच, अरे काढ ते! तर हा म्हणतो कसा, नाय वैनी, वत्सलाच्या घरचां आसा, काढू कसां? काय बोलायचं हो अशा माणसाला? मी तिथे रडले. दोन हात कुजत आले, पण घड्याळ काढेना. त्याच क्षणी मी ठरवलं, हे लग्न मी मोडू द्यायची नाही.

सगळं सांगितलं. काही राखलं नाही. गाळा, हिरवं पाणी, शेठ, माझं मनगट, मला सोनं लाभत नाही ते, दंतमंजन. रुमालातली पांढरी डबी काढून घड्याळाच्या पाठीला लावून दाखवली, अगदी जुळ्या बहिणी. माझी बोटं त्यांच्यापुढे केली. चिठ्ठी ठेवली. म्हटलं, घड्याळ खोटं आहे आणि ते मी दिलंय. सासूबाईंना ठाऊक नाही, वच्छीला ठाऊक नाही. पायगुण कुणाचा वाईट असेल तर माझा लिहा, पण मुलीला सोडू नका.

विहीणबाई उठल्या. आत गेल्या. मला वाटलं आता साखरपुड्याची साडी आणि नारळ घेऊन येतील आणि माझ्या ओटीत टाकतील. त्या चहा घेऊन आल्या, निव्वळ दुधाचा, वर साय. मग मुलाजवळ जाऊन त्याच्या हातातलं घड्याळ स्वतः सोडवलं, जसं गुराच्या गळ्यातलं दावं सोडवतात तसं, हलक्या हातानं, आणि म्हणाल्या, दाव्यान मान काचली तर दावां बदलतत, गो. म्हस कोण बदलता?

संपलं. त्याच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, तीन आठवड्यांत हात सुकला, तो कामावर गेला, पुढे कायम झाला, आणि वैशाखात लग्न झालं. बायकांना विहीणबाईंनी काय सांगितलं मला ठाऊक नाही, पण पायगुणाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. आमच्या सासूबाईंना त्यांनी कधी कळू दिलं नाही. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांची पक्की समजूत होती की जावयाला आपण सोन्याचं घड्याळ दिलं. वच्छीला मात्र मी लग्नानंतर सगळं सांगितलं, आणि ती अजून भांडते, म्हणजे तुम्ही दोघींनी मिळून माझ्या नवऱ्याला म्हैस ठरवलंत तर!

मी गाळा सोडला. सहज नाही सुटला, मैत्रिणी सुटल्या म्हणून जास्त रडले. मग घरी मसाले केले, मालवणी मसाला, वीस वर्षं. मिरचीनं बोटं झोंबली, पण ती मिरची, ती तोंडावर सांगून झोंबते. अंगानं धरलेलं वैर मात्र खरंच गेलं नाही. आजही ब्लाउजला हुक लावला की तिथे लाल होतं, म्हणून मी नाड्या लावते. नातीनं परवा ते नवीन मनगटावरचं यंत्र आणलं, पावलं मोजतं म्हणे. मी म्हटलं, बाळा, माझी पावलं डोंगरानं मोजून झालीत, तू घाल, पण खाजलं की काढ हो, तुझ्या दत्ताराम आजोबांसारखी थांबू नकोस.

वच्छी आणि दत्ताराम आता दिंडोशीला राहतात, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीतून आरेची झाडी दिसते. ते घड्याळ त्यानं टाकलेलं नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवाच्या कपाटात खाली ठेवलंय, बंद पडून जमाना झाला. काळं पडलंय. मी गेले की काढून दाखवतो आणि म्हणतो, वैनी, सात वीस झाले. विहीणबाई गेल्याला बरीच वर्षं झाली. मी दर वर्षी त्यांच्या नावानं एक दिवस निव्वळ दुधाचा चहा करते, साय टाकून, डॉक्टर नको म्हणतात तरी. तुम्हा सगळ्यांना अशी एखादी विहीण मिळो, मला दुसरं काही मागायचं नाही.

एक राहिलं. त्या दिवशी आरेहून मी निघाले तेव्हा विहीणबाई बसपर्यंत आल्या होत्या. माझ्या हातात केळीच्या पानात बांधलेला लोण्याचा गोळा दिला, माझे दोन्ही फाटके हात उलटेसुलटे करून बघितले, बस समोर येऊन उभी राहिली तरी सोडले नाहीत. आणि म्हणाल्या, अगदी असंच म्हणाल्या, एक अक्षर मी बदलत नाही:

“सोना लाभत नाय ता बरां आसा, गो. माणसां लाभतत तुका. पण आता ह्या हातांका ह्या लोणी लाय, नायतर माझी म्हस सुद्दा तुका जवळ करूची नाय.”